रामेश्वरच्या प्रवासाचा बेत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा सराव नाही. पण येत्या उन्हाळ्यात आपण चौदा जणी वाघोलीहून गाडी करून रामेश्वरला जावयाचे म्हणतो, त्या प्रवासाचा बेत मी आखला आहे आणि तो मीच समजावून सांगावा असे चिटणीसबाईंचे म्हणणे पडले. म्हणून कागद हाती घेऊन उभी आहे. काही राहिले तर सांभाळून घ्या.

गोष्ट अशी की, आपल्यापुढे दोन बेत आहेत. एक आठ दिवसांचा. तो घरोघरच्या पुरुषमंडळींनी सुचविलेला आहे. दुसरा पंधरा दिवसांचा. तो माझा. सभा संपल्यावर हात वर करून निर्णय घ्यावयाचा आहे. आठ दिवसांचा बेत ठरला तर आपल्यातील तिघी गळतात. एकीला साखरेचा आजार आहे, एकीची कंबर धरते आणि तिसऱ्या आमच्या सासूबाई. त्यांचे वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. त्यांनी २००६ मध्ये काशी केली. तेथून आणलेला गंगेचा गडू तेव्हापासून आमच्या देव्हाऱ्यात तसाच बंद आहे. काशीचे पाणी रामेश्वराला वाहिल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा हा निर्णय केवळ सोयीचा नाही. कोणाला बरोबर न्यावयाचे आणि कोणाला मागे ठेवावयाचे, हा आहे.

प्रथम हिशेब पाहू. वाघोलीहून कोल्हापूर, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, जिंजी, तंजावर असे करीत रामेश्वर सुमारे पंधराशे किलोमीटर आहे. मदुरै आणि सेलमवरून परतीची वाट थोडी जवळची. जाऊन-येऊन तीन हजार धरा. तीन हजारांना आठने भागले तर रोज पावणेचारशे किलोमीटर होतात, आणि त्यात विसाव्याचा एकही दिवस नाही. म्हणजे रोज नऊ-दहा तास गाडीत. देवळापुढे उतरावयाचे, घाईने हात जोडावयाचे, पुन्हा चढावयाचे. घरी आल्यावर कोणी विचारले, काय पाहिले? तर सांगावयाचे, टोलनाके पाहिले!

माझे म्हणणे एवढेच की, दूरचा प्रवास अंतरावरून आखू नये, मुक्कामावरून आखावा. आणि मुक्काम ठरविताना बरोबरच्या मंडळींत जी सर्वांत थकलेली असेल तिच्या पायांनी मोजावे. तिला झेपले तर सर्वांना झेपते. धडधाकट माणसाच्या मापाने बेत केला की अर्धी मंडळी आजारी पडतात आणि उरलेली त्यांची सेवा करीत बसतात.

हा काही माझ्या डोक्यातून निघालेला नवा शोध नव्हे. याच रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या भोसले राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र. त्यांतील बऱ्याच छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र, नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र, ही नावे ऐका. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याला पत्र लिहून या छत्रांचा कारभार कळविला होता. कोणत्याही जातीचा यात्रेकरू आला तरी त्याला अन्न, आजाऱ्याला औषध, गरोदर बाईची देखभाल, तान्ह्या मुलाला दूध, अशी तेथे व्यवस्था असे. ज्याला पुढे चालवत नसेल त्याला बरे वाटेपर्यंत ठेवून घेत. पहा, दोनशे वर्षांपूर्वी वाट आखणाऱ्यांनी दुबळ्याचा विचार आधी केला होता. मग आपण गाडीत बसून जाणाऱ्यांनी तो सोडावा काय?

आता वेळेचे सांगते. उन्हाळ्यात दक्षिणेत कशाला, असे पुष्कळ जणींनी विचारले. उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. शाळा बंद झाल्या की डबे बंद होतात, मुले मामाच्या गावी जातात, आणि तेवढेच दिवस आपले पाय घरातून निघतात. थंडीत निघणे चांगले खरे, पण थंडीत आपल्याला सोडणार कोण? मात्र उन्हाळ्यातही दिवस निवडता येतात. तमिळनाडूत मे महिन्याच्या ४ तारखेच्या सुमारास 'अग्निनक्षत्र' लागते. तेथील लोक या दिवसांना फार जपून असतात. ते २८ मेच्या सुमारास संपते. म्हणून मी २५ मे ही निघण्याची तारीख धरली आहे. आपण तमिळनाडूत आत शिरू तेव्हा तो कडक काळ सरलेला असेल, आणि ८ जूनला परत आलो की १५ जूनच्या शाळेआधी दप्तरे-गणवेश पाहावयास आठवडा मिळेल. परतीला कोल्हापूर-साताऱ्याकडे पाऊस गाठू शकतो, म्हणून छत्र्या वरच ठेवावयाच्या.

निघावयाचे पहाटे चार वाजता. वाघेश्वराला नारळ आदल्या संध्याकाळीच वाढवू. त्याच्याजवळच पिलाजीराव जाधवरावांची समाधी आहे. आपल्या गावच्या या सरदाराने घोड्यावरून किती मुलूख पालथा घातला! पण त्यांनाही आजचा नगर रस्ता सकाळी नऊ वाजता ओलांडता आला असता की नाही, याची मला शंका आहे. २०२१ मध्ये आपले गाव महापालिकेत गेले, वस्ती वाढली, गाड्या वाढल्या. तेव्हा पहाटे चार म्हणजे चार. कोणाच्या वेणीसाठी गाडी थांबणार नाही.

आता मुक्काम ऐका. पहिला कोल्हापूर, अंबाबाईच्या पायाशी. दुसरा हुबळी. तिसऱ्या दिवशी दावणगेरेपासून महामार्ग सोडून होदिगेरेला जावयाचे. हे नाव पुष्कळांना ठाऊक नसेल. शहाजीराजे १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून तेथेच वारले आणि तेथेच त्यांची समाधी आहे. शिवनेरी आणि रायगड आपण मुलांना दाखवितो, पण महाराजांच्या वडिलांची समाधी कर्नाटकातील एका खेड्यात आहे, तेथे वाट वाकडी करून जाणे आपले कर्तव्यच आहे.

त्या रात्री मुक्काम चित्रदुर्ग. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील किल्ला पाहावयाचा, तो ओबव्वेसाठी. ती एका पहारेकऱ्याची बायको. हैदरअलीच्या फौजेचा वेढा पडला होता. नवरा जेवावयास बसला होता आणि ही पाणी आणावयास गेली. तेथे खडकातील फटीतून शत्रूचे शिपाई एकेक करून आत येताना तिला दिसले. तिने नवऱ्याला जेवणावरून उठविले नाही. हातात मुसळ घेऊन फटीपाशी उभी राहिली आणि येईल त्याच्या डोक्यात घालीत गेली. कर्नाटकात लहान मूलही ही गोष्ट सांगते. मुसळाचा असा उपयोग आपण कोणी केला नसेल!

चौथा मुक्काम बंगळूर ओलांडून होसूरला. बंगळूर ही एके काळी शहाजीराजांची जहागीर, पण शहरात शिरावयाचे नाही. तेथील गर्दी आपल्या नगर रस्त्याची मोठी बहीण आहे. पाचवा मुक्काम तिरुवण्णामलै, आणि तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर जिंजी.

जिंजीसाठी मी सहाव्या दिवसाची सकाळ राखून ठेवली आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये हा किल्ला घेतला. पुढे १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडला तेव्हा राजाराम महाराज पन्हाळ्यावरून निघून वेष पालटून जिंजीला पोहोचले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना आसरा दिला आणि त्यासाठी औरंगजेबाचा रोष पत्करला. जिंजी १६९८ पर्यंत झुंजली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा जिंजी. जून तोंडावर असताना राजगिरीचा कडा चढावयाचा तर सकाळी किल्ला उघडताच चढावे आणि ऊन तापण्याआधी उतरावे. ज्यांना चढणे नाही त्यांनी खाली कल्याण महाल आणि धान्याची कोठारे पाहत सावलीत बसावे. कोणी कोणाला आग्रह करावयाचा नाही.

तंजावरला दोन रात्री. येथे विसावा, कपडे धुणे आणि पाहणे, तिन्ही गोष्टी होतील. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केलेले बृहदीश्वराचे देऊळ दोनशे फुटांहून उंच आहे. पण आपल्याला अधिक वाटेल ते त्याच्या भिंतीवरील मराठी अक्षरांचे. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सारा इतिहास तेथे दगडावर मराठीत कोरून ठेवला आहे. सरस्वती महालाचे ग्रंथालयही तेथेच. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये खालसा झाले, पण तिकडे घरात मराठी बोलणारी कुटुंबे अजून आहेत. त्यांची मराठी जुन्या वळणाची. भेट झाली तर हसू नये, कान देऊन ऐकावे.

आठव्या दिवशी रामेश्वर आणि तेथेही दोन रात्री. पहिल्या दिवशी पोहोचून झोपावयाचे. दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रात अग्नितीर्थाचे स्नान, मग देवळातील बावीस तीर्थांचे स्नान. बावीस विहिरींचे पाणी अंगावर घेत, ओल्या फरशीवरून, ओल्या लुगड्याने चालावयाचे असते. नंतर कोरडे वस्त्र नेसून दर्शनाला जावयाचे. वयस्कर बाईचा पाय घसरला तर तो तेथेच. म्हणून प्रत्येक वडीलधाऱ्या बाईच्या दोन्ही बाजूंना एकेक तरुण सून राहील. ती जोडी आजच ठरवू. ज्यांना बावीस तीर्थे झेपणार नाहीत त्यांनी समुद्रस्नान करावे. देव पायऱ्या मोजीत नाही. संध्याकाळी धनुष्कोडी पाहू. डिसेंबर १९६४ च्या वादळात ते गाव समुद्राने गिळले.

परतीला मदुरै, सेलम, तुमकूर, हुबळी, कोल्हापूर असे पाच मुक्काम आणि पंधराव्या दिवशी वाघोली. तुमकूर ते हुबळी हा एकच टप्पा सुमारे ३४० किलोमीटरचा आहे. बाकी कोणताही दिवस पावणेतीनशेच्या वर जात नाही. एरवीचा नियम असा की, पहाटे पाचला निघावे आणि दुपारी एकच्या सुमारास मुक्काम गाठावा. तिकडची देवळे बहुधा दुपारी बारा-साडेबारापासून चारपर्यंत बंद असतात. ऊन झोपेत काढावे आणि दर्शनाला संध्याकाळी जावे, हे देवालाही सोयीचे आणि आपल्यालाही.

आता पैशांचे बोलते, कारण खरा वाद तेथेच आहे. आपण चौदा जणींनी दरमहा ६०० रुपयांप्रमाणे छत्तीस महिने भरले. ते ३,०२,४०० रुपये झाले. गाडीवाल्याने किलोमीटरला २८ रुपये सांगितले. पण त्यात एक मेख आहे, ती सर्वांनी ध्यानात ठेवावी. गाडी रोज किती का धावेना, ते दिवसाचे किमान ३०० किलोमीटर धरतात. म्हणजे आपण तीन हजार धावलो तरी पंधरा दिवसांचे साडेचार हजार धरून १,२६,००० रुपये होतात. आठ दिवसांत गेलो तर ८४,०००. पुरुषमंडळी येथेच बोट ठेवतात. मी तीन ठिकाणी विचारले, भाजीबाजारात करतो तशी घासाघीस केली आणि एकाने उक्ते १,०५,००० रुपयांत देण्याचे कबूल केले. सतरा आसनांची गाडी आहे. आपण चौदा बसून तीन आसने रिकामी राहतात, म्हणजे एखादीला पाय पसरता येतील.

दोन चालकांचा भत्ता १५,०००. टोल आणि गाडी लावण्याचे पैसे १५,०००. खोल्या रोज पाच, चार आपल्याला आणि एक चालकांना. सरासरी १,२०० प्रमाणे चौदा रात्रींचे ८४,०००. एकूण २,१९,००० झाले. उरले ८३,४००. त्यांतील २०,००० आजारपणासाठी शिवून ठेवावयाचे, त्यांना हात लावावयाचा नाही. बाकी ६३,४०० जेवणाचे. चालकांसह सोळा माणसे, पंधरा दिवस, म्हणजे माणशी रोज २६४ रुपये. दक्षिणेत इडली आणि साधे जेवण घेतले तर पुरतात. दशम्या, चटण्या आणि लाडू घरचे असतीलच.

आठ दिवसांच्या बेताहून हा बेत किती महाग पडतो? गाडीचे २१,०००, खोल्यांचे ४२,००० आणि चालकांचे ७,०००, मिळून ७०,०००. चौदांत वाटले तर जणीमागे ५,००० रुपये. जेवणाचे मी धरीत नाही, कारण घरी असलो तरी जेवतोच. आता तुम्हीच विचार करा. तिघींना मागे ठेवून प्रत्येकी पाच हजार वाचवावयाचे, की ते देऊन चौदाच्या चौदा जणींनी रामेश्वराला पाणी घालावयाचे? हे पैसे आपण कोणाकडे मागितलेले नाहीत. दुधाच्या आणि भाजीच्या खर्चातून वाचविलेले आहेत.

चालक दोन कशाला, असेही विचारण्यात आले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यात चालकाचे काम साधारणपणे दिवसाला आठ तास धरले होते आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पुढे बसलेल्या माणसाची झोप म्हणजे मागे बसलेल्या चौदांचा जीव. त्याला वेळेवर जेवण आणि रात्री पलंग मिळालाच पाहिजे. गाडीचे ऑल इंडिया परमिट, विमा आणि फास्टॅग आठ दिवस आधी आपल्या डोळ्यांनी पाहावयाचे. महामार्गावर अडचण आली तर १०३३ आणि कोठेही संकट आले तर ११२ हा क्रमांक प्रत्येकीने पाठ करावा. मोबाइलची बॅटरी संपते, पाठांतर संपत नाही.

आता एक गोष्ट उघड बोलते. बाया प्रवासात पाणी पीत नाहीत. का, ते सर्वांना माहीत आहे. वाटेत उतरावयाची सोय नाही आणि 'गाडी थांबवा' म्हणावयास लाज वाटते. मग उन्हाने चक्कर येते, लघवीला जळजळ होते, ताप भरतो आणि यात्रा दवाखान्यात संपते. म्हणून नियम असा की, दर दोन तासांनी गाडी थांबेल, कोणी मागो वा न मागो. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाची सोय असते. तेथे उतरावे, चार पावले चालावे म्हणजे पायही सुजत नाहीत. साखरेचा आजार असणारीने जेवणाची वेळ चुकवू नये आणि औषधे दोन पिशव्यांत वाटून ठेवावी, म्हणजे एक हरवली तरी दुसरी राहते. जुलाब झाले तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे देत राहावे.

भाषेची भीती नको. तमिळ मुलखात हिंदी सगळीकडे चालत नाही, पण चार शब्दांवर काम भागते. पाणी म्हणजे कानडीत 'नीरु', तमिळमध्ये 'तण्णी'. किती म्हणजे 'एष्टु' आणि 'एव्वळवु'. पुरे म्हणजे 'साकु' आणि 'पोदुम'. आणि सर्वांत गरजेचा शब्द 'कळिप्परै', म्हणजे शौचालय. हा शब्द मी कागदावर तमिळमध्येही लिहून घेणार आहे. दाखविला की कोणीही बोट करील.

राहता राहिली घरची मंडळी. पंधरा दिवस त्यांनी काय जेवावे, हा प्रश्न आमच्या घरीही निघाला. मी आमच्या ह्यांना म्हटले, राजाराम महाराज आठ वर्षे जिंजीला होते, तरी इकडे महाराष्ट्राचा कारभार चालला. आपल्या स्वयंपाकघराचा पंधरा दिवस चालणार नाही काय? ते हसले आणि भाताला पाणी किती घालावयाचे ते विचारू लागले. तेव्हा तुम्हीही आजपासून आपापल्या घरी शिकवणी सुरू करा. पीठ दळून ठेवा, गॅसची टाकी भरून ठेवा, दूधवाल्याचा हिशेब लिहून भिंतीला लावा.

मैत्रिणींनो, माझा बेत हा असा आहे. त्यात कोणाला काही बदल सुचत असेल तर अवश्य सांगा. मुक्काम एखादा इकडे-तिकडे झाला तरी हरकत नाही. मात्र दोन गोष्टी मी सोडणार नाही. दर दोन तासांनी थांबणे आणि चौदांतली एकही मागे न ठेवणे. आता अध्यक्षबाईंच्या परवानगीने हात वर करावेत. ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी शेजारणीला हात धरावयास सांगावे, तोही मोजला जाईल.